जळालेला बोर्ड आणि शुद्ध पाठ

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एम.ए.च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकवण्याची वेळ आली की तो तास आम्ही वर्षाआड एकमेकांच्या गळ्यात घालतो, हे आधीच कबूल केलेले बरे. संहिता, प्रती, पाठभेद, प्रक्षेप हे शब्द विद्यार्थी उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. आम्हीही फारसे वेगळे करत आलो नाही. त्या तासाचा खरा अर्थ आम्हांला लॅमिंग्टन रोडवरच्या एका माडीवर, सोल्डरच्या धुरात कळू लागला, असे म्हटले तर वाचकांना अतिशयोक्ती वाटेल. वाटो.

आमच्यापैकी एकाचे मामा बोटीवर नोकरीला होते. १९८४ साली त्यांनी इंग्लंडहून एक जुना गिटार-अ‍ॅम्प्लिफायर आणला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीचा, व्हॉल्व्हवर चालणारा आणि दोन माणसांनी उचलावा असा जड. तिकडची वीज २४० व्होल्टची असल्यामुळे तो इथे ट्रान्सफॉर्मरविना चालला. मामा गेल्यावर तो माळ्यावर पडून राहिला. मागच्या पावसाळ्यात मामेभावाने उत्साहाने तो सुरू केला, तेव्हा फटकन आवाज झाला, वास आला आणि सगळे शांत झाले.

आत पाहिल्यावर बोर्डाचा कोपरा काळा पडलेला दिसला. या अ‍ॅम्पमध्ये मोठ्या व्हॉल्व्हचे सॉकेट थेट बोर्डावर बसवलेले होते. त्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर चारशे व्होल्टहून अधिक दाब असतो आणि तिच्या शेजारचीच पिन हीटरची. ओल, धूळ आणि वर्षानुवर्षांची उष्णता यांमुळे त्या दोन पिनांमध्ये ठिणगी उडाली आणि बोर्ड जळून त्याचा कोळसा झाला. यातली मेख अशी की कोळसा विजेचा वाहक आहे. जे विजेला अडवण्यासाठी होते तेच तिला वाट देऊ लागले. म्हणजे वरवर पुसून, नवा व्हॉल्व्ह लावून भागत नाही. ठिणगी पुन्हा त्याच वाटेने जाते.

एका दुकानदाराने सल्ला दिला की नवा बोर्डच बसवा, हुबेहूब मिळतो. दुसऱ्या एका जाणकाराचे म्हणणे अगदी उलट होते : काहीही हात लावू नका, अशा वस्तूची किंमत ती अस्पर्श असण्यात असते. आम्हांला हे दोन्ही आवाज ओळखीचे वाटले. एक जण जुनी पोथी बाजूला सारून सुबक नवी आवृत्ती छापतो, दुसरा ती रेशमी कापडात गुंडाळून कपाटात ठेवतो. दोघांनाही ती वाचायची नसते. आमचे स्पष्ट मत असे की, अ‍ॅम्प वाजण्यासाठी आणि पोथी वाचण्यासाठी असते. ज्या जतनात हे होत नाही त्याला जतन म्हणणे हा भाषेचा अपव्यय आहे.

इथे थोडे विषयांतर. जुन्या अ‍ॅम्पच्या रसिकांमध्ये ‘हाताने जोडलेला’ आणि ‘छापील’ असा मोठा जातिभेद आहे. लिओ फेंडर हा मूळचा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याच्या पन्नाशीच्या दशकातल्या अ‍ॅम्पमध्ये फायबरच्या पट्टीवर सुटे भाग हाताने जोडलेले असत. जिम मार्शलच्या लंडनमधल्या दुकानात १९६२ साली तयार झालेला पहिला अ‍ॅम्प फेंडरच्या ‘बेसमन’च्या रचनेवरूनच बेतलेला होता, म्हणजे या परंपरेचा एक आद्यग्रंथ मुळातच एक नक्कल आहे! छापील बोर्डाची कल्पना व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आइस्लर या अभियंत्याची. १९४३ साली त्याने तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. तांब्याचा पातळ पत्रा कोरून परिपथ ‘छापायचा’ ही युक्ती मुद्रणकलेचीच बहीण. हस्तलिखितात प्रत्येक प्रतीची चूक निराळी, तर छापील आवृत्तीत एकच चूक हजार प्रतींत. जुन्या फायबरच्या पट्ट्याही ओल धरून वीज गळू देतात, हे मात्र हस्तलिखितवाले सहसा सांगत नाहीत. असो.

शेवटी आम्ही पोहोचलो ते एका वयस्कर कारागिराकडे. त्यांना सगळे काका म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी फिल्टरचे मोठे कंडेन्सर एका रेझिस्टन्समधून रिकामे केले आणि मीटर लावून खात्री करून घेतली. “प्लग काढला म्हणजे मशीन मेलं असं नसतं सर, वीज आत बसून राहते,” एवढेच ते म्हणाले. मग बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढायला लावले, सुटणाऱ्या प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधली. त्यानंतर बारीक ड्रिलने काळा भाग खरवडायला सुरुवात झाली. स्वच्छ रंग दिसेपर्यंत ते खरवडत राहिले. मध्येच थांबून मीटरने पाहत होते. आम्हांला वाटले, किती काढतात हे! पण जळका कण राहिला तर सगळी मेहनत वाया, आणि गरजेपेक्षा एक कण जास्त काढला तर चांगला बोर्ड गेला. पडलेली पोकळी त्यांनी इपॉक्सीने भरली. तांब्याचा उखडलेला मार्ग पुन्हा चिकटवून दाखवण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. त्याच्या जागी जाड आवरणाची लाल तार टाकली. आम्ही विचारले, बोर्डाच्या रंगाची तार नाही का? काका हसले. “उद्या दुसरा कोणी उघडेल, त्याला कळायला नको का की इथे मी हात लावलाय?”

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात ज्या पाठाबद्दल संपादकांना पुरेशी खात्री नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ आहे. वर्गात ही रेघ आम्ही एका वाक्यात उरकत असू. काकांची लाल तार पाहिल्यावर ती आम्हांला प्रथमच दिसली.

खरा पेच पुढे आला. काकांना पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडवर एक कंडेन्सर सापडला. नकाशाप्रमाणे तिथे ०.६८ मायक्रोफॅरडचा हवा. होता २५चा, भारतीय बनावटीचा. हा फरक किरकोळ नाही. छोट्या कंडेन्सरने फक्त वरचे, धारदार स्वर उचलले जातात. मोठ्याने खर्जासकट सगळेच. म्हणजे अ‍ॅम्पचा गळाच बदलतो. काकांनी विचारले, “कंपनीचं करून देऊ, की आहे ते ठेवू?”

आमच्यात तिथेच वाद झाला. एकाचे म्हणणे असे की, हा सरळ प्रक्षेप आहे; कुणा घाईतल्या दुरुस्तीवाल्याला योग्य मापाचा भाग मिळाला नाही, हाती आला तो त्याने लावला. दुसऱ्याचे म्हणणे असे की, मामांना जाड आवाज आवडत असे आणि सोल्डरिंग त्यांना स्वतःला येत होते. तेव्हा हा कर्त्याचा नसला तरी धन्याचा पाठ आहे. पुरावा काय? काका म्हणाले, सोल्डर नीट आहे, पण बोर्डावरच्या मूळ जोडांहून निराळे. मामेभावाकडे १९८७ची एक कॅसेट निघाली. तीत खर्ज भरपूर आहे. परंतु तो अ‍ॅम्पचा, खोलीचा की टेपचा, हे कोण सांगणार? साक्षीदार एकच, आणि तोही थोडा बहिरा.

एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. वि. का. राजवाड्यांनी १९०९मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि तिच्यावर वाद पेटला. आम्ही विद्यार्थ्यांना या दोन घटना अशा सांगत आलो, की जणू मूळ पाठ कुठेतरी अखंड पडून आहे आणि प्रश्न फक्त तो शोधण्याचा आहे. चारशे वर्षे वारकऱ्यांनी जो पाठ कंठात धरला त्यालाही काही हक्क पोहोचतो की नाही, हा प्रश्न आमच्या टिपणांत नव्हता. कंपनीच्या नकाशातला अ‍ॅम्प मामांनी किती काळ वाजवला? कदाचित एक-दोन वर्षे. मामींनी जो आवाज ऐकला तो बहुतेक २५चाच असणार. ‘बहुतेक’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून लिहीत आहोत.

निर्णय मामींनी दिला. त्या म्हणाल्या, “आहे तसाच राहू दे. विकायचा असेल तेव्हा कंपनीचा करा.” आमच्यातल्या एकाला हा निर्णय अजूनही भावनिक वाटतो आणि तसे येथे नोंदवावे असा त्याचा आग्रह आहे. काकांनी २५चा जुना कंडेन्सर सुकला म्हणून बदलला, पण त्याच मापाचा नवा घातला. म्हणजे पाठ राहिला, शाई बदलली. जुना कंडेन्सर, ०.६८चा एक नवा आणि बोर्डाचे जळके तुकडे त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या आत चिकटवले. सोबत एक कागद : काय काढले, काय घातले, तारीख आणि खाली ‘कॅथोड नकाशाप्रमाणे नाही, घरच्यांच्या सांगण्यावरून’.

मग शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून अ‍ॅम्प सुरू केला. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. कुठे शॉर्ट नव्हता. मामेभावाने गिटार जोडली. मामी स्वयंपाकघरातून लगेच बाहेर आल्या नाहीत. दुसरे गाणे सुरू झाल्यावर आल्या आणि म्हणाल्या, आवाज जरा कमी करा, खाली आजोबा झोपलेत.