आधी परतफेड, मग प्रभुभोजन

जक्कय हा जकातदारांचा मुख्य, गडगंज माणूस. यरीहोत त्याच्याबद्दल बरे बोलणारे कोणी नव्हते. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा तो ढसाढसा रडला असे लूक कुठेही सांगत नाही. जक्कयाने आकडे सांगितले. निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट. त्या घराला तारण लाभल्याचे येशूने सांगितले ते हे ऐकल्यावर.

आम्ही मराठी मंडळ्यांतले विश्वासी आमची चळवळ इथून सुरू करतो. उपवास-प्रार्थनेत रडून घरी गेलेल्या आणि घरी गेल्यावर कोणाचे काहीही परत न केलेल्या माणसाचा पश्चात्ताप अर्धवट आहे, असे आम्ही जाहीरपणे म्हणतो.

अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 मध्ये आले. पुढे गावकुसाबाहेरची कुटुंबेच्या कुटुंबे बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आली. आज त्याच मंडळीत लग्न जमवताना काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. बायोडेटावर नुसते ‘ख्रिस्ती’ लिहिलेले असते. मग फोन येतो. चर्च कोणते, पाळकसाहेब कोण, हे विचारून होते, आणि शेवटी आवाज खाली आणून, ‘तसे तुम्ही मूळचे कोण?’ गावाचे नाव सांगितले तरी समाधान होत नाही, कारण विचारणाऱ्याला पूर्वाश्रमीची जात हवी असते. चार दिवसांनी निरोप येतो : आम्ही प्रार्थना केली, प्रभूची इच्छा दिसत नाही. जातीवरून दिलेला नकार प्रभूच्या नावावर टाकणे हे आमच्या मते देवाचे नाव व्यर्थ घेणे आहे. या पापापासून आम्ही आमची घरे मोकळी करणार आहोत. आमच्या मुलामुलींच्या लग्नात जात विचारली जाणार नाही, आणि कोणी विचारली तर सांगितली जाणार नाही.

याच जातीचा दुसरा हिशेब सरकारकडे आहे. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदू नसलेल्यांना सवलतींबाहेर ठेवले. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध बांधव आत आले. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. हा अन्याय आहे आणि तो दूर होईपर्यंत आम्ही मागणी सोडणार नाही. पण दिल्लीला पाठवलेल्या निवेदनात आम्ही लिहितो की बाप्तिस्म्यानंतरही जात सुटली नाही, आणि व्यासपीठावरून सांगतो की प्रभूमध्ये जात उरली नाही. निवेदनातले खरे आहे. ते मंडळीतही मोठ्याने बोलले गेले पाहिजे.

भक्ती कमी करा असे आम्ही म्हणत नाही. उलट, ती वाढली पाहिजे. पंडिता रमाबाईंच्या केडगावात 1905 साली मुली पापाच्या जाणिवेने आक्रंदत प्रार्थना करत होत्या. त्या मुलींतल्या कितीतरी दुष्काळातून आणलेल्या होत्या. त्याच आवारात शेती होती, शाळा होती, छापखाना होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर बायकांच्या हातून तिथे छापले गेले. गुडघे टेकणे आणि टाकलेल्या बाईला पायावर उभे करणे यांत रमाबाईंनी कधी फारकत केली नाही. रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. टिळकांची भजने आपण दर रविवारी गातो. त्यांच्या दरबाराचे दार मात्र आपण विसरलो.

आमची शिस्त अशी. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी प्रत्येकाने ज्याचे देणे आहे त्याच्या दारी जायचे. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करण्याची आज्ञा डोंगरावरच्या प्रवचनातच आहे, आणि ती सोयीनुसार पाळायची नाही. कामवालीचा थकलेला पगार द्यायचा. बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला लावली असेल तर तिचा वाटा तिला परत करायचा. मंडळीने पाळकाचे मानधन महिनोन्‌महिने थकवले असेल तर चर्चची नवी कमान उभी करण्याआधी ते चुकते करायचे. ज्याला शक्य नाही त्याने मुदत मागावी, हप्ते बांधून घ्यावेत, पण जावे. पहाटेची प्रार्थना रोज, घरातल्या सर्वांनी मिळून. वचन वाचल्यावर त्या दिवशी कोणाचे काय द्यायचे आहे हे तिथेच बोलायचे.

चळवळीला अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, परदेशी देणगी नाही. ज्या मंडळीत दोन घरे तयार होतील तिथे ती सुरू झाली असे समजावे. पहिले काम प्रत्येक ठिकाणी एकच : मंडळीच्या जमिनी, भाडी आणि अर्पणे यांचा हिशेब मराठीत लिहून चर्चच्या दाराशी लावण्याची मागणी पंचांकडे लेखी करायची, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासनेनंतर, सर्वांसमक्ष पुन्हा करायची.