करंट लावला, पुढे काय?

"डॉक्टर, आज करंट जरा जोरात लावा. काल काही कळलंच नाही."

दवाखाना उघडल्यापासून दिवसातून दोन-चार वेळा तरी हे वाक्य माझ्या कानावर पडते. बोलणारे कधी एस.टी.चे निवृत्त चालक असतात, कधी दिवसभर मशीनवर वाकून बसणारे शिंपीकाका, तर कधी कापूस वेचून पाठ धरलेल्या मावशी. दुखणे वेगवेगळे, मागणी मात्र एकच. भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी या शास्त्राची ओळख आपल्या भागात 'शेक आणि करंट' एवढीच झाली आहे. हा समज पसरवण्यात आम्हा मंडळींचाही हात आहे आणि त्यात मी स्वतःही आहे, हे आज या सदरातून कबूल करायचे आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. विजेचा उपचार म्हणजे थोतांड नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममधील स्क्रिबोनिअस लार्गस नावाच्या वैद्याने डोकेदुखीवर आणि गाउटवर विजेचा झटका देणारा मासा दुखऱ्या भागाला लावण्याचा उपाय लिहून ठेवला आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील ड्युशेन या डॉक्टरांनी विजेच्या साहाय्याने एकेक स्नायू आकुंचित करून त्याचे काम अभ्यासले. त्यांचा त्यावरील ग्रंथ १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र आजच्या विजेच्या वेदनाशामक उपचाराला शास्त्रीय आधार मिळाला तो १९६५ मध्ये. त्या वर्षी मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 'गेट कंट्रोल' हा सिद्धांत मांडला.

हा सिद्धांत समजायला अवघड नाही. दाराच्या कडेला कोपर आपटले की आपण नकळत ते चोळू लागतो आणि जरा बरे वाटते. असे का व्हावे? वेदनेचा निरोप बारीक नसांमधून मेंदूकडे निघतो, तर स्पर्शाचा निरोप जाड नसांमधून. दोन्ही निरोप पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत येतात. तेथे जणू एक फाटक असते. स्पर्शाचे निरोप जोरात येऊ लागले की वेदनेसाठी ते फाटक काहीसे मिटते. दुखऱ्या भागावर चिकटपट्ट्या लावून 'टेन्स' नावाचे मशीन जो मुंग्यांसारखा प्रवाह सोडते, तो हेच चोळण्याचे काम विजेने करतो. त्यातला प्रवाह मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात मोजला जातो. घरातल्या बोर्डाचा झटका वेगळा आणि मानसोपचारातला 'शॉक'ही वेगळा. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. तसेच 'जितका जोराचा करंट तितका जास्त गुण' असेही नाही. दुखणे कमी करण्यासाठी मुंग्या ठळक जाणवाव्यात, पण सोसवतील इतक्याच. दात-ओठ खाऊन करंट घेण्यात काही पराक्रम नाही.

आता प्रश्न असा, की हे फाटक किती वेळ मिटलेले राहते? बहुतेकांच्या बाबतीत मशीन चालू असेपर्यंत आणि त्यानंतर थोडा वेळ. म्हणून तर रुग्ण म्हणतात, "इथं बरं वाटतं, घरी गेलं की पुन्हा तेच." यात मशीनचा दोष नाही. झिजलेला गुडघा, अशक्त झालेली कंबर, चुकीची बसण्याची सवय यांपैकी काहीही विजेने दुरुस्त होत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या 'नाइस' या राष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्येच कंबरदुखीसाठी टेन्स आणि आयएफटी देऊ नये, असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या नेहमीच्या उपचारात टेन्स वापरू नये, अशी शिफारस केली आणि आखून दिलेल्या व्यायामाचा पुरस्कार केला. आपल्याकडे मात्र कंबर धरली की पहिल्या दिवसापासून करंट आणि दहा दिवसांनीही करंटच.

माझी स्वतःची चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्या खेड्यातून एक आजोबा माझ्याकडे येत. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली होती. मुलगा डेअरीत दूध घालून आला की मोटारसायकलवर वडिलांना मध्ये बसवायचा, मागे धरायला नातू, आणि असे तिघे रोज २५ किलोमीटर यायचे. मी हाताला २० मिनिटे करंट लावायचो. बोटे हलताना दिसली की मुलाचा चेहरा खुलायचा, मलाही बरे वाटायचे. बाहेर पुढचा रुग्ण थांबलेला असायचा. "उद्या या" म्हणून मी मोकळा व्हायचो.

महिन्याभराने एकदा आजी सोबत आल्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, यांचा खांदा लई ठणकतोय. रातभर डोळा लागत नाही." पाहिले तर खांदा चांगलाच आखडलेला. चौकशी केली तेव्हा कळले, की आजी रोज त्यांना त्याच लुळ्या हाताला धरून उठवत होत्या आणि रात्री तो हात अंगाखाली सापडत होता. दिवसाचे तास २४. त्यातली २० मिनिटे मी विजेला दिली होती. उरलेल्या वेळात तो हात कसा ठेवायचा, उशीचा आधार कसा द्यायचा, उठवताना कुठे धरायचे आणि खांदा हळूहळू कसा फिरवायचा, हे त्या माउलीला कुणी सांगितलेच नव्हते. सांगायचे काम माझे होते. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट विचारले, "करंट वाढवला तर हालंल का?"

तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. आजोबांचा खांदा पुढे बराचसा सुटला, पण पूर्ण नाही.

असे का घडते, याचाही विचार केला पाहिजे. आपल्याकडे माणूस सल्ल्याचे पैसे द्यायला कचरतो. "व्यायाम तर आम्ही घरी करू, त्याचे पैसे कसले?" असे तोंडावर विचारणारे भेटतात. मशीनचे दिवे लागले, अंगात मुंग्या आल्या, की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. दवाखान्यालाही ते सोयीचे पडते. पट्ट्या लावून दिल्या की एका वेळी चार खाटांवर चार रुग्ण झोपवता येतात. व्यायाम शिकवायचा म्हणजे एका माणसाजवळ उभे राहावे लागते, पुन्हा पुन्हा सांगावे लागते, घरच्यांना बोलवावे लागते. दोघांनाही सोपा वाटणारा रस्ता निवडला जातो आणि नुकसान शेवटी रुग्णाचे होते.

मग विजेचा खरा उपयोग कुठे? जिथे ती हालचालीला मदत करते तिथे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू जणू झोपी जातो. रुग्ण मनापासून प्रयत्न करतो, पण स्नायू आवळत नाही. अशा वेळी सुरुवातीच्या आठवड्यांत विजेने तो स्नायू आकुंचित केला आणि त्याच क्षणी रुग्णाने स्वतःही गुडघा ताठ केला, तर ताकद लवकर परतायला मदत होते. यात 'त्याच क्षणी स्वतःही' हे शब्द महत्त्वाचे. नुसते पडून राहून वर्तमानपत्र वाचत घेतलेला करंट निम्मा वाया जातो.

दुसरे उदाहरण अर्धांगवायूचेच. काही रुग्णांचे पाऊल वर उचलत नाही. चवडा जमिनीला घासतो, चप्पल पायातून निसटते, उंबऱ्याला अडखळून पडण्याची भीती असते. १९६१ मध्ये लिबरसन या डॉक्टरांनी यावर एक सुंदर युक्ती प्रसिद्ध केली. टाचेखाली बटण ठेवायचे. टाच उचलली की गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या नसेला प्रवाह मिळतो आणि पाऊल आपोआप वर येते. येथे वीज माणसाला चालवते आहे, खाटेवर झोपवत नाही. विजेच्या उपचाराची दिशा अशी असायला हवी, असे माझे मत आहे.

आपल्या शेतकरी वाचकांना समजेल असे सांगतो. विहिरीवरच्या पंपातले पाणी उतरले, की चालू करण्याआधी आपण त्यात बादलीभर पाणी ओततो. त्या बादलीने शेत भिजत नाही, पण पंप पाणी धरतो. करंटचे काम एवढेच आहे. दुखणे थोडे हटले, स्नायू जागा झाला, की त्या अर्ध्या-एक तासात सांधा हलवायचा, चालायचे, व्यायाम करायचा. बादल्याच ओतत बसलो तर पीक वाळणारच.

एका दुखण्याबद्दल मुद्दाम इशारा देतो. सकाळी उठल्यावर एका बाजूचे तोंड वाकडे झाले, डोळा मिटेना, की बरेच लोक थेट करंट लावायला येतात. कृपया तसे करू नका. आधी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हा चेहऱ्याच्या नसेचा लकवा असेल तर गुणकारी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात आणि उघड्या राहणाऱ्या डोळ्याची काळजी घ्यावी लागते. करंटने हा लकवा लवकर बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. बहुतेक रुग्ण तसेही सुधारतात आणि श्रेय मशीनला मिळते. सोबत हात-पाय लुळा पडला असेल किंवा बोलणे अडखळत असेल, तर तो मेंदूचा झटका समजून तडक मोठ्या रुग्णालयात न्या. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

हल्ली टेन्सची छोटी यंत्रे घरपोच मिळतात. शेजाऱ्याला गुण आला म्हणून तेच यंत्र आपण लावायचे, हे बरे नाही. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय विजेचा उपचार घेऊ नये. गरोदरपणी पोटावर व कमरेवर, मानेच्या पुढच्या बाजूला, कर्करोगाच्या गाठीवर आणि जखमेवर पट्ट्या लावू नयेत. पोटरी अचानक सुजून गरम झाली, दुखू लागली, तर शिरेत गुठळी असू शकते, तेथे करंट नकोच. मधुमेहामुळे किंवा इतर कारणाने पायाची संवेदना गेली असेल तर कातडी भाजली तरी कळत नाही. तसेच रात्री वाढणारे दुखणे, ताप, वजन घटणे, लघवीवरचा ताबा सुटणे, पायातली शक्ती जाणे यांपैकी काहीही असेल तर दुखणे दाबू नका, आधी तपासणी करून घ्या.

आता माझ्या दवाखान्यात नियम केला आहे. ज्याला गरज आहे त्यालाच करंट, आणि करंटनंतर जेवढा वेळ मशीनवर गेला निदान तेवढा वेळ व्यायाम. अर्धांगवायूच्या रुग्णासोबत घरचे एक माणूस आलेच पाहिजे. यामुळे काही रुग्ण नाराज होऊन दुसरीकडे गेले. त्याचे वाईट वाटते, पण नियम बदललेला नाही.

वाचकांना एवढीच विनंती, की तुम्ही कुठेही उपचार घेत असाल तर पहिल्याच दिवशी तीन प्रश्न विचारा. हा करंट मला कशासाठी? तो किती दिवसांनी बंद होईल? आणि घरी मी रोज काय करायचे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय खाटेवरून उठू नका. आणि उत्तर मिळाले, की दुसऱ्या दिवशी येताना तो व्यायाम करूनच या!