वयाच्या नावावर खपवलेली पोटरी

पंचेचाळिशी उलटलेला माणूस पोटरी धरून मैदानाबाहेर लंगडत आला, की त्याला पाण्याआधी सल्ला मिळतो. "काका, आता कॅरम खेळा." सांगणारा पोरगा अठ्ठाविशीचा असतो, त्याच्या स्वतःच्या गुडघ्यावर नी-कॅप असते, तरी निदान करून तो मोकळा होतो: वय झालं. घरी बायको तेच म्हणते, लिफ्टमध्ये भेटलेले आजोबा तेच म्हणतात, आणि डॉक्टर फी घेऊन तेच म्हणतात. एरवी साध्या चहाच्या साखरेवरही एकमत न होणारा आपला समाज इथे मात्र एका सुरात बोलतो. मला या एकमताची चीड आहे. वयावर ढकललं की कुणालाच काही करावं लागत नाही; सल्ला देणाऱ्यालाही नाही आणि लंगडणाऱ्यालाही नाही.

वयाचा वाटा मी नाकारत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचा 3 ते 8 टक्के ऐवज घटतो, आणि त्यातही आधी झिजतात ते झटक्याने आकसणारे तंतू. म्हणूनच रोज पहाटे टेकडी चढून उतरणारा, त्याचे फोटो सगळ्यांना पाठवणारा गृहस्थ रविवारी टर्फवर चोरटी धाव घ्यायला जातो आणि तिसऱ्या पावलाला खाली बसतो. टेकडीने त्याला दम दिला, पण स्फोटक वेगाची सवय तिने कधी लावलीच नव्हती. पण मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगची दुखापत कुणाला होणार याचा सर्वांत भरवशाचा अंदाज वयापेक्षाही एका साध्या प्रश्नातून येतो: तिथे आधी झाली होती का? म्हणजे दुखापत उलटते ती बहुधा आधीची अर्धवट भरलेली असते म्हणून. आणि ती अर्धवट का राहिली, हे विचारायला कुणी तयार नाही.

उत्तर अवघड नाही. आपल्याकडे दुखणं थांबलं की उपचार संपतात. स्प्रे मारला, बर्फ लावला, क्रेप बँडेज गुंडाळलं, चार गोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या आठवड्यात जिना उतरता येऊ लागला की ग्रुपवर अंगठा वर: रविवारी मी आहे. वेदना गेलेली असते, ताकद परतलेली नसते. फाटलेल्या जागी जो नवा धागा विणला जातो, त्याला हळूहळू वाढत्या ओझ्याखाली घडवावं लागतं. नुसत्या विश्रांतीने तो भरतो, पण कच्चा राहतो. शिरा आणि कंडरा तर स्नायूंहून मंद, त्यांचा हिशोब महिन्यांचा. आपण त्यांना दोन रविवारांची मुदत देतो आणि तिसऱ्या रविवारी वयाला शिव्या घालतो.

बर्फाचं तरी काय? विश्रांती, बर्फ, आवळपट्टी आणि पाय उंचावर, हा मंत्र 1978 मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरने रूढ केला. त्याच मर्किनने 2014 मध्ये सांगितलं, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून येणं उलट लांबू शकतं. गुरूने मत बदलून दशक उलटलं. आमच्या टर्फवरचे शिष्य अजून थर्माकोलचा डबा घेऊन येतात.

त्याहून महाग प्रकार म्हणजे सुई. कोपर दुखतोय? स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्या, आठवड्याभरात रॅकेट हातात. आठवड्याभरात खरंच बरं वाटतं, हीच त्यातली मेख. टेनिस एल्बोवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचं दुखणं वर्षभरात उलटलं. ज्यांना औषधाऐवजी नुसतं खारं पाणी टोचलं, त्यांच्यात हे प्रमाण आठांत एक होतं. म्हणजे मिठाचं पाणी सरस! पण मिठाच्या पाण्याचे पैसे कोण देणार?

गुडघ्यातल्या गादीची कथा अशीच. चाळिशीपुढे एमआरआय काढला की काही ना काही झिजलेलं, फाटलेलं दिसतंच. एकदाही न दुखलेल्या गुडघ्यांतही दिसतं. मग दुर्बिणीतून साफसफाई. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी 2013 मध्ये याचा सोक्षमोक्ष लावला. झिजून फाटलेल्या गादीच्या 146 रुग्णांपैकी काहींवर खरी शस्त्रक्रिया केली, बाकीच्यांवर तिचं नुसतं सोंग. वर्षाने दोघांच्या दुखण्यात सांगण्याजोगा फरक नव्हता. अपघाताने अडकलेला गुडघा वेगळा. खेळता खेळता मागून कुणी काठी मारली असं वाटून माणूस वळून बघतो आणि मागे कुणीच नसतं, तेव्हा टाचेमागची जाड शीर, अकिलिस टेंडन, तुटलेली असू शकते. तिथे तडक डॉक्टर गाठावा. पण प्रत्येक कुरकुरीला कापाकापी हा इलाज नव्हे, धंदा आहे.

यावर हमखास येणारा युक्तिवाद: "अहो, सचिनलासुद्धा टेनिस एल्बो झाला होता." झाला होता. मे 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रियाही झाली, आणि पुढच्या वर्षी खांद्याची. त्यानंतर फेब्रुवारी 2010 मध्ये ग्वाल्हेरला त्याने एकदिवसीय सामन्यातलं द्विशतक ठोकलं, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता, हे सांगताना आवाज अभिमानाने चढतो. पण दोन्हींच्या मधली कंटाळवाणी, कॅमेऱ्याबाहेरची मेहनत कुणाला आठवत नाही. पद्माकर शिवलकर सत्तेचाळिशीत मुंबईकडून रणजी खेळले. त्यांना कुणी कॅरमचा बोर्ड नेऊन दिला नाही, हे नशीब.

आणि ही मेहनत परदेशातून शिकायची गोष्टही नव्हे. तालमीत पोराला पहिल्या दिवशी कुस्तीला सोडत नाहीत. आधी हौद्याची माती उकर, जोर काढ, बैठका मार. वस्तादाला शरीरशास्त्राची पदवी नव्हती, पण अंगात ताकद नसताना डाव टाकला तर काय मोडतं हे त्याने पाहिलेलं होतं. आम्ही मात्र तासाच्या भाड्याने टर्फ घेतो, आणि त्या तासातली पाच मिनिटं अंग गरम करण्यात गेली तर पैसे बुडाल्यासारखं तोंड करतो.

स्वीडनमधल्या हाकन आल्फ्रेडसन या सर्जनने 1998 मध्ये दुखऱ्या अकिलिस टेंडनसाठी जो व्यायाम प्रसिद्ध केला, त्याला भाडंही लागत नाही. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहायचं आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन फेरे, वाकवून तेवढेच. दिवसातून दोनदा, बारा आठवडे. दिवसाला 180 वेळा. त्याचे पंधरा रुग्ण हौशी धावपटू होते, सरासरी वय चव्वेचाळीस. बारा आठवड्यांनी सगळे पुन्हा धावू लागले. अभ्यास लहानसा, पण पायरी प्रत्येक इमारतीत आहे. हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक व्यायाम आहे: गुडघे टेकून बसायचं, घोटे कुणीतरी धरायचे, आणि धड हळूहळू पुढे झुकवत न्यायचं. डेन्मार्कच्या फुटबॉल संघांमध्ये त्याने जुन्या दुखापती उलटण्याचं प्रमाण सुमारे 85 टक्क्यांनी घटवलं. ते खेळाडू तरुण होते, हे मान्य. म्हणून पन्नाशीतल्याने तो करू नये असा निष्कर्ष फक्त आळशी माणूस काढेल.

आळशी म्हटलं की आमचे टर्फवीर दुखावतात. दुखरा पाय घेऊन खेळणं हे त्यांना शौर्य वाटतं. "खेळलं की मोकळं होतं," म्हणत ते पट्ट्यांनी पाय गुंडाळून उतरतात आणि बाराव्या चेंडूवर उचलून बाहेर आणावे लागतात. कॅरमवाले आणि हे हुतात्मे, दोघे एकमेकांना हसतात, पण दोघांची पायरीशी गाठ पडलेली नसते.

मागे सामना संपल्यावर मी एक प्रस्ताव ठेवला. एका पायावर उभं राहून सलग किती वेळा टाच पूर्ण उचलता येते ते सगळ्यांनी करून दाखवायचं. फिजिओथेरपीतला जुना ठोकताळा पंचविसाचा आहे. जमेल तो पुढच्या रविवारी आत, नाही तो पंच. दोघांनी बुटाच्या नाड्या बांधायला घेतल्या, एकाला फोन आला, आणि कप्तानाने नव्या जर्सीचा रंग ठरवायला मतदान घेतलं. निळा जिंकला.