अंगणातले तळे : डासांचे घर की जिवांचा आसरा?

गेल्या पंधरवड्यात सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक रक्तदाब तपासून घेण्यासाठी आले होते. सोबत सूनबाई होत्या. तपासणी झाल्यावर दोघांनी एकच प्रश्न दोन बाजूंनी विचारला. सासऱ्यांना परसात एक लहानसे तळे करावयाचे आहे. कुमुदाची फुले, बेडूक, चतुर आणि पाणी प्यायला येणारे पक्षी, एवढेच त्यांचे मागणे. सूनबाईंचे म्हणणे असे, की मागच्या पावसाळ्यात घरातल्या एकाला डेंग्यू होऊन गेला; आता घरापाशी साचलेले पाणी नको म्हणजे नको. "डॉक्टर, तुम्हीच काय ते सांगा," असे म्हणून दोघेही माझ्याकडे पाहू लागले.

हा प्रश्न आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी उद्भवू शकेल, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहे. थोडक्यात सांगायचे तर सूनबाईंची भीती खरी आहे आणि सासऱ्यांची इच्छाही रास्त आहे. नीट आखलेले, जिवंत तळे आणि साचलेले डबके या दोन भिन्न गोष्टी आहेत. मात्र तळ्याचे डबके होण्यास आपले दुर्लक्ष पुरेसे असते.

डासांचा हिशेब

डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास प्रामुख्याने भांड्यांत साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे जुने टायर, झाकण नसलेले पिंप ही त्याची आवडती ठिकाणे. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळताच उबतात. अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळावा, या सूचनेमागे हेच गणित आहे.

ज्या पाण्यात मासे, चतुरांची पिल्ले आणि पाणकिडे नांदतात, तेथे डासांच्या अळ्या फार काळ जगत नाहीत. चतुर आणि टाचणी यांची पिल्ले पाण्यातच वाढतात व अळ्यांवर ताव मारतात. पावसाळ्यात झुंडीने उडणारा पिवळसर चतुर आपण सर्वांनी पाहिला आहे. तोच पुढे हिंद महासागर ओलांडून आफ्रिकेच्या दिशेने जातो, आणि त्याची पिल्ले आपल्याकडच्या तात्पुरत्या पाणसाठ्यांत वाढतात. एवढ्या लांबच्या प्रवाशाला आपल्या परसात मुक्काम मिळावा, ही कल्पनाच सुखावणारी आहे.

तथापि नव्या तळ्यात हे रक्षक पहिल्या दिवसापासून हजर नसतात. पहिले काही आठवडे तळे डासांसाठी मोकळेच असते. म्हणून ज्या घरात वृद्ध किंवा आजारी माणसे आहेत, तेथे सुरुवातीलाच पाच-सहा लहान देशी मासे सोडावेत, असे माझे मत आहे. डोक्यावर चंदेरी ठिपका असलेले अप्लोचायलस जातीचे मासे पृष्ठभागावर राहून अळ्या टिपतात. ते उडी मारतात, म्हणून पाणी काठोकाठ भरू नये. गप्पी आणि गॅम्बुशिया हे परदेशी मासे सहज मिळतात. परंतु पुराच्या पाण्याबरोबर ते ओढ्यात गेले तर स्थानिक जिवांना त्रास होतो. मासे काही बेडूकमासे आणि चतुरांची काही पिल्लेही खातात, हे खरे. पण घरच्यांच्या प्रकृतीपुढे मी एवढी तडजोड मान्य करीन.

दर रविवारी एक पांढरी वाटी तळ्याच्या कडेला बुडवून पाणी उजेडात पाहावे. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर जाळीने काढाव्यात आणि 'बीटीआय' या जिवाणूजन्य औषधाची मात्रा वेष्टनावरील सूचनेप्रमाणे टाकावी. ते डासांच्या अळ्या मारते. मासे, बेडूक व चतुर यांना अपाय करीत नाही. रॉकेल किंवा जळके तेल मात्र तळ्यात कदापि ओतू नये.

जागा, माप आणि खोदाई

खोदाईस मे महिना उत्तम. पहिल्या चांगल्या पावसाने तळे आपोआप भरते. दिवसातून चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा निवडावी. मोठ्या झाडाखाली तळे नको. पाने कुजून पाणी काळे पडते. सांडपाणी आणि सेप्टिक टँक यांपासून ते दूर असावे. शक्य झाल्यास ते खिडकीतून किंवा ओसरीवरून दिसावे. ज्यांना चालवत नाही त्यांनाही त्याचा लाभ होतो.

दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि मध्यभागी अर्धा मीटर खोल एवढे तळे घरापुरते पुष्कळ झाले. त्यात साधारण सातशे ते आठशे लिटर पाणी मावते. एक बाजू हळूहळू उतरती ठेवावी, म्हणजे बेडूक आणि साळुंक्या सुखाने ये-जा करतील व चुकून पडलेली खार बाहेर येऊ शकेल. तळाशी वाळूचा किंवा जुन्या गोणपाटाचा थर देऊन त्यावर शेततळ्यासाठी मिळणारे पाचशे मायक्रॉनचे कापड अंथरावे. कापडाचे माप काढताना लांबी आणि रुंदी या दोन्हींत खोलीची दुप्पट आणि कडांसाठी साठ सेंटिमीटर मिळवावेत. वरील तळ्यास ३.६ बाय ३.१ मीटर कापड लागेल.

खोदाई मजुरांकडून करून घ्यावी. हृदयविकार, हर्निया किंवा कंबरदुखी असलेल्यांनी कुदळ हाती घेऊ नये. आजोबांनी खुर्चीवर बसून देखरेख करावी; तेही महत्त्वाचेच काम आहे.

लागवड

तळ्यात शेणखत, रासायनिक खत किंवा बागेतली सुपीक माती घालू नये. अशा खाद्यामुळे पाणी हिरवे होते आणि शेवाळ माजते. खत न घातलेली साधी माती कुंडीत भरून वर खडीचा थर द्यावा व ती कुंडी पाण्यात ठेवावी. मध्यभागी एक कुमुद, पाण्याखाली हायड्रिलाचे दोन-तीन झुबके, आणि उथळ काठाला वेखंड व जलब्राह्मी एवढी झाडे पुरेत. पानांनी निम्म्याहून अधिक पृष्ठभाग झाकू देऊ नये. जलपर्णी दिसायला मोहक असली तरी ती आणू नये. ती पाहता पाहता सारे पाणी व्यापते आणि तिच्या मुळांपाशी डासांना आसरा मिळतो.

येथे वैद्यकीय इशारा देणे भाग आहे. आपल्या तळ्यातली ब्राह्मी किंवा वेखंड घरगुती औषध म्हणून पोटात घेऊ नये. त्या पाण्यात पक्ष्यांची विष्ठा आणि नाना जंतू असतात. शिवाय चालू असलेल्या औषधांशी त्यांचा मेळ बसेलच असे नाही.

पावसाचे पाणी सर्वांत चांगले. नळाचे वापरावयाचे असेल तर एक-दोन दिवस उघड्या पिंपात ठेवून त्यातला क्लोरीन उडू द्यावा. मात्र ते पिंप तळ्यात रिकामे केल्यावर घासून पालथे घालावे. उन्हाळ्यात तळ्याची पातळी दिवसाला अर्धा ते एक सेंटिमीटर उतरते, हे ध्यानात ठेवावे. आपल्या गावी पाण्याची टंचाई असेल तर तळे आणखी लहान करावे.

पाय घसरू नये म्हणून

वृद्धांच्या घरी तळ्याचा मोठा धोका डासांपेक्षाही पडण्याचा असतो. खुब्याचे एक हाड मोडले तर पुढचे कित्येक महिने साऱ्या घराची घडी विस्कटते. तळ्यापर्यंत जाणारी वाट तीन फूट रुंद व खरबरीत फरशीची असावी. पावसाळ्यात तिच्यावरचे शेवाळ आठवड्याला घासून काढावे. काठापासून थोडे मागे, हात टेकता येतील असे बाक ठेवावे आणि संध्याकाळसाठी दिवा असावा.

रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना वाकून एकदम उठल्यावर चक्कर येते. त्यांनी पाने काढण्यास लांब दांड्याची जाळी वापरावी. मधुमेहींनी काठावर अनवाणी फिरू नये. पायाला किंवा हाताला जखम असल्यास पाण्यात उतरू नये. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार अशाच वाटेने शरीरात शिरतो. हातमोजे व गमबूट घालावेत.

घरात पाच वर्षांखालील नातवंड असेल, किंवा स्मृतिभ्रंशामुळे नकळत बाहेर पडणारे माणूस असेल, तर माझे उत्तर स्पष्ट आहे : तूर्त उघडे तळे नको. लहान मूल चार बोटे पाण्यातही, जराही आवाज न होता बुडू शकते. अशा घरांनी टेबलाच्या उंचीवर पक्की बसवलेली दगडी डोण किंवा सिमेंटचे टाके घ्यावे, त्यावर मजबूत जाळी बसवावी आणि चढण्याजोगी खुर्ची जवळ ठेवू नये. एक लहान कुमुद आणि दोन-तीन मासे त्यातही सुखाने राहतात. गुडघे वाकत नसलेल्यांनाही ही सोय अधिक मानवते.

बेडूक आले की कधी तरी साप येणार. बहुधा ती बिनविषारी पाणदिवड असते. पण नागही येऊ शकतो, म्हणून ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. काठाभोवती गवत वाढू देऊ नये, लाकडे व विटांचे ढीग ठेवू नयेत, अंधारात विजेरीशिवाय जाऊ नये. दंश झालाच तर आवळून बांधणे, चिरा देणे यांत वेळ न दवडता तो अवयव न हलवता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. १०८ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकास पाठ असावा.

यातून मिळते काय?

तळे हे औषध नव्हे. त्याने रक्तदाबाची गोळी सुटणार नाही किंवा साखर उतरणार नाही. परंतु सकाळी उठून बाहेर जाण्यास एक निमित्त मिळते, कोवळे ऊन अंगावर येते, चार पावले चालणे होते. निवृत्तीनंतर, विशेषतः जोडीदार गेल्यावर, 'आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही' ही भावना माणसाला आतून पोखरते. पाणी भरावयाचे आहे, कळी उमलली का ते पाहावयाचे आहे, आज आलेल्या खंड्याची वहीत नोंद करावयाची आहे. अशी बारीकसारीक कामे त्या भावनेवर हलकी फुंकर घालतात. अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही पाण्याकाठी घालवलेली दहा मिनिटे विसावा देतात.

तळे असो वा नसो, पावसाळ्यात ताप आला तर तो अंगावर काढू नये. तपासणी होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यावी. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना त्वरित कळवावे, स्वतःहून निर्णय घेऊ नये. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, रक्तस्राव किंवा गुंगी दिसल्यास त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

तळ्याचा विचार असणाऱ्या कुटुंबांनी खोदाईपूर्वी एकत्र बसून तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. दर रविवारी वाटी बुडवून कोण पाहणार? आजोबा-आजी आजारी पडल्यास किंवा परगावी गेल्यास ते काम कोणाकडे जाणार? आणि घरातले कूलर, बशा, पिंपे कोरडी करण्याचा वार कोणता? तिन्ही प्रश्नांपुढे नावे आणि वार लिहून झाले, तर कुदळ खुशाल मागवावी. एकही जागा रिकामी राहिली, तर यंदा काठावर मातीच्या परळात पक्ष्यांसाठी पाणी ठेवावे, ते रोज बदलावे, आणि तळ्याचा विचार पुढच्या मे महिन्यात पुन्हा करावा.