जुन्या संगणकांचा उन्हाळा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीचा नियमित आधार थांबवला आणि देशभरातील लाखो संगणक एका रात्रीत ‘जुने’ ठरले. पुढची प्रणाली अधिकृतपणे चालवायची तर साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर आणि ‘टीपीएम’ नावाची सुरक्षा व्यवस्था यंत्रात असावी लागते. त्याच वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांची मागणी इतकी वाढवली, की जागतिक बाजारात त्यांचे भाव झपाट्याने चढले. जुना संगणक टाकून द्यावा असा सल्ला एकीकडून आणि नव्याची किंमत वाढल्याची वार्ता दुसरीकडून, अशा कोंडीत शाळा, ग्रामपंचायती आणि छोटे व्यावसायिक सापडले. साहजिकच कपाटातली जुनी यंत्रे पुन्हा टेबलावर आली. ती आणखी चार-पाच वर्षे चालतील का, याचे उत्तर प्रणालीपेक्षाही एका साध्या गोष्टीवर अवलंबून आहे: कॅबिनेटमधून हवा किती खेळते यावर.

२०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामकरण झालेला अहमदनगर जिल्हा या प्रश्नाचा नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. क्षेत्रफळाने राज्यातील हा सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके, त्यांतील बराच भाग पर्जन्यछायेचा. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात पाऊस कोसळतो, तर पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे फेब्रुवारीतच माळाची धूळ उडू लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. या जिल्ह्यात संगणक पोहोचला तो शहरातील कार्यालयांपुरता राहिला नाही. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने तालुक्या-तालुक्यांत केंद्रे उघडली, २००४ मध्ये केंद्राने माध्यमिक शाळांसाठी आणलेल्या संगणक योजनेतून शाळांत प्रयोगशाळा आल्या, पुढे ग्रामपंचायतींत ‘संग्राम’ आणि नंतर ‘आपले सरकार सेवा केंद्रे’ सुरू झाली. सातबारा, दाखले, पीकविमा, शिष्यवृत्ती या सगळ्यांची वाट आता संगणकाच्या पडद्यावरून जाते. विम्याच्या अखेरच्या तारखेला केंद्रातले यंत्र तासाला तीनदा बंद पडले, तर रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो तांत्रिक बिघाड राहत नाही.

बंद पडण्याचे कारण बहुधा ‘व्हायरस’ किंवा ‘लाइट’ असे सांगितले जाते. पुष्कळदा ते उष्णता हे असते. प्रोसेसर ठरावीक तापमानापलीकडे गेला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो आणि तरीही ताप उतरला नाही तर यंत्र बंद करतो. वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच, की सकाळी दहाला बरा चालणारा संगणक दुपारी दोनला रांगू लागतो. मग प्रणाली नव्याने टाकली जाते, त्याचे पैसे मोजले जातात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

या यंत्रांची घडण कोणत्या हवामानासाठी झाली, हे पाहिले म्हणजे दोष एकट्या धुळीचा नाही हे कळते. आजही वापरात असलेल्या बहुतेक कॅबिनेटांची रचना इंटेलने १९९५ मध्ये ठरवलेल्या ‘एटीएक्स’ मांडणीवर बेतलेली आहे. त्या काळी प्रोसेसरची उष्णता माफक होती. २००४ च्या ‘प्रेस्कॉट’ पेंटियम ४ मालिकेत ती ११५ वॅटपर्यंत पोहोचली, तेव्हा इंटेलनेच कॅबिनेटसाठी निकष घातला होता: खोलीचे तापमान ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी येणारी हवा ३८ अंशांपेक्षा गरम नसावी. बाजूच्या पत्र्याला जाळी आणि आतून प्लॅस्टिकची नळी असलेली कॅबिनेटे त्यातूनच आली. मात्र नगरकडच्या पत्र्याच्या छपराखालील खोलीत मे महिन्यात हवाच ४० ते ४२ अंशांची असते. निकषाची सुरुवातच जिथे ओलांडलेली, तिथे आतल्या हवेचा हिशेब दुप्पट काटेकोरपणे ठेवावा लागतो.

तो हिशेब अवघड नाही. १५० वॅट उष्णता टाकणाऱ्या यंत्रात हवा खोलीपेक्षा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर दर सेकंदाला सुमारे १४ लिटर हवा कॅबिनेटमधून वाहिली पाहिजे. समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास असलेल्या नगरची हवा मुंबईपेक्षा किंचित विरळ, त्यामुळे गरज थोडी अधिकच. ८० मिलिमीटरचा एक चांगला पंखा मोकळ्यावर जवळपास एवढी हवा ढकलतो. परंतु समोर जाळी, मागे धूळ आणि मध्ये केबलींचे जाळे असले की त्याची ताकद निम्म्यावर येणे अशक्य नाही. जुन्या कॅबिनेटमध्ये तर मागच्या पंख्याची जागा कित्येकदा रिकामीच असते. विक्रेत्याने खर्च वाचवलेला असतो आणि सारा भार एसएमपीएसच्या एकट्या पंख्यावर पडतो.

हवेला वाट हवी, ही सगळ्या उपायांची गुरुकिल्ली. थंड हवा समोरून खालच्या बाजूने आत यावी आणि तापलेली हवा मागून वरच्या बाजूने बाहेर जावी. मागे बाहेर फेकणारा पंखा बसवणे ही पहिली पायरी. खर्च काही शे रुपयांचा. त्यानंतर समोर आत ओढणारा पंखा, शक्य तिथे १२० मिलिमीटरचा, कारण मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतो आणि आवाज कमी करतो. जुन्या हार्ड डिस्कच्या चपट्या, पाच सेंटिमीटर रुंद केबली हवेच्या प्रवाहात आडव्या पडदे धरतात. त्या घडी घालून कडेला बांधल्या तरी फरक पडतो. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट पाच-सात वर्षांत वाळून खडूसारखी होते. ती पुसून नवी लावणे हे दहा मिनिटांचे काम. मात्र ते न करता बाहेर कितीही पंखे लावले तरी उष्णता मुळात हीटसिंकपर्यंतच नीट पोहोचत नाही.

यातला खरा पेच धुळीचा आहे. केवळ बाहेर फेकणारे पंखे लावले तर आत हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा प्रत्येक फटीतून, फ्लॉपी आणि सीडीच्या खाचांतूनसुद्धा, धूळ घेऊन शिरते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा किंचित जास्त ठेवली आणि ती जाळीतून गाळून घेतली, तर फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. पण ही जाळी पंधरवड्याने धुतली नाही तर तीच बूच बनते. पाथर्डी-जामखेडच्या माळावर पुण्यातल्या वेळापत्रकाने सफाई चालणार नाही.

रूढ झालेले उपाय यापेक्षा सोपे आणि घातक आहेत. कॅबिनेटचे झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावणे हा सर्वांत लोकप्रिय. तापमान खरोखर उतरते, म्हणून तो टिकला. परंतु दोन महिन्यांत मदरबोर्डवर गालिचा बसतो आणि पालीपासून पोरांच्या बोटांपर्यंत सर्वांना प्रवेश खुला होतो. वाळ्याचा कूलर संगणकाकडे वळवला तर धुळीत ओल मिसळून तिचा चिखल होतो. प्लायवूडच्या ‘संगणक टेबला’त मागून बंद असलेला जो कप्पा कॅबिनेटसाठी ठेवलेला असतो, त्यात यंत्र आपलीच गरम हवा पुन्हा ओढत राहते. संगणक कक्षाबाहेर ‘चपला बाहेर काढाव्यात’ ही पाटी आजही दिसते. धूळ रोखण्याचा तो शहाणा नियम होता, पुढे त्याचे केवळ सोवळे उरले: चपला बाहेर आणि आत कॅबिनेटमध्ये बोटभर धूळ. पाण्याने वेढलेला फराहबाग महाल निजामशाहीत ज्या गावाने पाहिला, तिथे गारव्याचे शास्त्र नवे नाही, एवढेच म्हणायचे.

उष्णतेची किंमत केवळ वेगात मोजली जात नाही. मदरबोर्ड आणि एसएमपीएसमधील कपॅसिटरांचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला रूढ ठोकताळा आहे. म्हणजे आतली हवा दहा अंशांनी उतरवता आली, तर त्या भागांना दुप्पट आयुष्य मिळू शकते. सदोष कपॅसिटरांमुळे २००० च्या दशकाच्या पूर्वार्धातील असंख्य मदरबोर्ड फुगून निकामी झाले होते. त्या पिढीतील जी यंत्रे वाचली, त्यांच्याबाबत तर सावधगिरी अधिकच हवी. फुगलेला कपॅसिटर दिसला की पंखा बदलून भागत नाही. एसएमपीएस मात्र हौसेने उघडू नये. वीज काढल्यावरही त्यात धोकादायक भार उरतो.

हे सारे ठाऊक असलेले कारागीर तालुक्याच्या ठिकाणी आहेत. अडचण हिशेबाच्या रकान्यांची आहे. योजना यंत्र घेऊन देते. त्याची धूळ काढायला माणूस कोणी द्यायचा, यावर ती बहुधा गप्प असते. वार्षिक देखभाल करार असलाच तर तो बिघाड झाल्यावर जागा होतो. कोल्हापूर-सांगलीकडे १९९८ मध्ये सत्तर गावांत गाजावाजाने सुरू झालेल्या ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पाचा अनुभव बोलका आहे: यंत्रांच्या देखभालीचा भार जाणवू लागल्यावर काही वर्षांनी तिथल्या सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेशांचा प्रयोग करावा लागला. नवी मुंबईतील डेटा सेंटरांत गारव्यासाठी स्वतंत्र अभियंते नेमले जातात, तर त्यांच्यावर विसंबलेल्या गावच्या संगणकाला वर्षातून एकदा ब्लोअरही मिळत नाही.

वेळही महत्त्वाची आहे. सफाई आणि पंख्याची जोडणी फेब्रुवारीत झाली तर ती उपयोगाची. शाळांच्या परीक्षा आणि ग्रामपंचायतींची वर्षअखेर मार्च-एप्रिलमध्ये येते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाही तर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. शाळेतल्या दहावीच्या मुलांनाही हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येईल, आणि संगणकाच्या तासाला त्याहून चांगला धडा दुसरा नसेल. प्रणालीचा प्रश्न त्यानंतर उरतोच. जुन्या यंत्रांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवणे हा एक मार्ग आहे, तथापि शासकीय संकेतस्थळांची सही-अंगठ्याची उपकरणे तिच्यावर चालतात की नाही, हे केंद्रचालकाने आधी तपासून घ्यावे लागेल. ती चालत नसतील, तर ते यंत्र दाखल्यांच्या कामाऐवजी टंकलेखनाला आणि मुलांच्या सरावाला लावता येते.