दंतचिकित्सेचा अधिकार आणि हस्तकौशल्य

दंतचिकित्सा कोणी करावी, हा प्रश्न नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेपासून आपल्या व्यवसायात वारंवार चर्चिला जात आहे. शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवावयाच्या ५८ शस्त्रकर्मांची सूची त्या अधिसूचनेत होती. त्यांपैकी १९ शालाक्यातील असून दात काढणे व रूट कॅनॉल ही त्यांतच येतात. ११ डिसेंबर २०२० रोजी इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर काम बंद ठेवून निषेध नोंदविला. त्या वादात आपल्या बाजूने परंपरेचा दाखला भरपूर दिला गेला. दंतवैद्य घडतो कसा, याचा विचार मात्र क्वचितच झाला.

दंतवैद्यकही एके काळी पदवीवाचून चालत असे. १९४८ च्या कायद्याने नोंदवहीचे दोन विभाग केले : एक पात्रताधारकांचा, दुसरा किमान पाच वर्षे या व्यवसायावर उपजीविका करणाऱ्यांचा. पुढे शिक्षण हाच या व्यवसायाचा मार्ग ठरला. आज बी.डी.एस.चा विद्यार्थी चार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करतो. रुग्णाच्या दाताला हात लावण्यापूर्वी तो प्रतिकृतींवर व काढलेल्या दातांवर सराव करतो. २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्याने त्याच्यासाठी, तर २०२० च्या भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या कायद्याने आपल्या पदवीधरांसाठी, परवान्यापूर्वीच्या राष्ट्रीय निर्गम परीक्षेची तरतूद केली आहे.

ही सरावाची पद्धत आपल्याला परकी नाही. सुश्रुताचार्यांनी ६५ मुखरोग सांगितले, त्यांत दंतमूलगत १५ व दंतगत ८. त्याच सुश्रुतांनी योग्यासूत्रीय अध्यायात आहार्य कर्माचा सराव मृत पशूंच्या दातांवर करावयास सांगितला आहे. ग्रंथ मुखोद्गत असला तरी योग्येवाचून कर्माचा अधिकार येत नाही, हा त्याचा सरळ अर्थ होय. परंपरेचा आधार घ्यावयाचा तर तो या अटीसह घ्यावा लागेल.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की अधिसूचनेचा लाभ शालाक्याच्या पदव्युत्तर पदवीधरांपुरताच समजावा. बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात नेत्र, कर्ण, नासा, शिर व मुख हे सारे एकाच विषयात सामावतात. तेवढ्या बळावर दात काढण्यास प्रवृत्त होणे रुग्णहिताचे नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यानेही किती कर्मे पाहिली, किती साहाय्यक म्हणून व किती स्वहस्ते केली, याची अध्यापकांच्या स्वाक्षरीने नोंद ठेवली जावी. जेथे मुखरोगांचे रुग्ण पुरेसे नाहीत, तेथे दंत महाविद्यालयाशी करार करून प्रशिक्षण द्यावे. अशी मागणी आपल्या संघटनेनेच पुढाकार घेऊन करावी.

औषधालयांच्या चालकांनाही एक विनंती. कवल, गंडूष, प्रतिसारण व दंतमंजन यांचे मुखस्वास्थ्यातील स्थान आम्ही मानतो; परंतु गालावर सूज व ताप असलेल्या रुग्णाला लवंगतेलाची बाटली देऊन परत पाठवू नये. तंबाखू-मिश्री लावणाऱ्यांच्या तोंडातील व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर कर्करोगाची शंका धरून त्यास विनाविलंब तपासणीस धाडावे. योग्य वेळी योग्य तज्ज्ञाकडे रुग्ण सोपविण्यात वैद्याला कमीपणा नाही. अधिकार राजपत्रातून मिळेल. समाजाचा विश्वास मात्र प्रशिक्षित हातांनीच मिळवावा लागेल.