काऊंटरवरची ट्यूब
चांदूर रेल्वेत "भाऊ, नायट्याची एखादी ट्यूब द्या" एवढं म्हटलं की पुरे. चट्टा कुठे आहे, कसा आहे, कधीपासून आहे, कोणी विचारत नाही. फळीवरून ट्यूब निघते, पैसे गल्ल्यात पडतात. त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं मी वाचतो तेव्हा अंगाची लाही होते: क्लोबेटासॉल, म्हणजे लावायच्या स्टिरॉइडांतलं सर्वांत जहाल, आणि जोडीला बुरशीचं न् जंतूंचं औषध. 2018 पासून अशी स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकणं बेकायदा आहे, आणि ते राजरोस चालतं.

नायटा ओळखायला सोपा. गोल चट्टा, कड लालसर, उठावलेली, खवल्यांची. मधली कातडी निवळलेली. स्टिरॉइड लागलं की दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश. बुरशी आत जिवंतच असते. ट्यूब थांबली की ती दुपटीने उसळते, वर्तुळात वर्तुळं उठतात, जांघेतून पोटावर चढते. कड मोडलेली, खवले गेलेले. जांघेत कातडी पातळ होऊन पडलेल्या रेघा तर जन्मभर जात नाहीत. असा माणूस शेवटी त्वचारोगतज्ज्ञापुढे बसतो तेव्हा नायटा की इसब हे नुसत्या नजरेला सांगता येत नाही. चट्टा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी बुरशी आज देशभर पसरली आहे, तिचं नावच इंडोटिनी. हा लौकिक आपण कमावला.

आणि न खाजणाऱ्या चट्ट्याचं काय? कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, पण तिथे स्पर्श कळतो. कुष्ठरोगाचा फिकट किंवा तांबूस चट्टा कोरडा असतो. डोळे मिटून बसलेल्या माणसाला तिथे टेकवलेला कापूस जाणवत नाही. त्यालाही हीच ट्यूब! सहा किंवा बारा महिन्यांचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि हा माणूस मलम चोळत नसा निकामी होऊ देतो. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी ज्या जिल्ह्यात कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं, त्या जिल्ह्यात हे घडावं?

औषध निरीक्षकांनी दुकानात बसून या ट्यूबची खरेदी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या ताडून पाहाव्यात. मेळ बसला नाही तर परवाना निलंबित करावा. आशाताई उन्हातान्हात घरोघर फिरून पाठीवरचे चट्टे शोधतात. त्यांच्या कष्टांवर काऊंटरवरून पाणी फिरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.